निकाल न सांगता गेलेल्या ताईंना

ताई,

तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळे तुमच्याबद्दल बोलले. शाळेतल्या बाई बोलल्या, वॉर्डातले काका बोलले, किरनापूरची मावशी तर माइक हातात धरून नुसती रडलीच. प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतंच, की शोभाताई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. मग मला बोलायला सांगितलं. घरची सून, इतकी वर्षं तुमच्यासोबत एकाच अंगणात राहिलेली, तिने दोन शब्द बोलायला नकोत का? मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, वैशालीला रडू आवरत नाही. ताई, मला राग आवरत नव्हता.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, "म्हणतात म्हणजे कोण म्हणते? त्याले घरी घेऊन ये, विचारू काहून म्हणते ते." असं तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना विचारत आलात. आता मी विचारते आहे, आणि तुम्ही नाही. हे तुम्हाला शोभलं नाही.

राग कुठून सुरू झाला ते आधी सांगते. आपली यशू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. रात्र-रात्र झोपायची नाही, कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायची. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं आणि आपल्याला परत बालाघाटच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. ते सांगणारी एक आहारवाली बाई मला तिथेच दुसऱ्या खेपेला भेटली. गहू बंद करा, दूध बंद करा, पोटाची आग विझली की डोकं उघडेल, असं ती म्हणाली. दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं, तर मी कुणाचं ऐकायचं होतं? मी दोन्ही बंद केलं. आणि काही महिन्यांत यशू झोपायला लागली. एका दुपारी माठासमोर उभी राहून म्हणाली, "पानी." मी ते तांब्याभर पाणी तिला पाजताना अर्धं माझ्या साडीवर सांडलं.

मी पळत तुमच्या खोलीत आले होते. म्हटलं, ताई, हाताच्या कांकणाला आरसा कशाला? आता तरी मानाल की नाही?

तुम्ही आधी यशूला उचलून फिरवलंत. डोळे पुसलेत. आणि मग म्हणालात, "आरसा कांकणासाठी नाही लागत वैशाली, डोयासाठी लागते. त्याच महिन्यात पोरगी शाळेत जाऊन राह्यली. त्याच महिन्यात तिचं वय वाढलं. तुनं टीव्ही बंद केला. यातलं कोन्तं लागू पडलं, तुले कसं समजलं?"

माझ्या पदरात पहिल्यांदा काही पडलं होतं, आणि तुम्ही त्याचा हिशेब मागत होतात. त्या दिवसापासून आपलं भांडण चालू होतं. पाच वर्षं चाललं.

तरीही सांगते, आणि हेही खरं आहे, की माझ्या बाजूने त्या आहारासाठी कुणी राबलं असेल तर ते तुम्हीच. आपला मुलूख धानाचा. भात काय, पोळी काय, गहू सोडणं म्हणजे फार मोठं नाही असं लोकांना वाटतं. पण पाहुणा आला की पोळी, लग्नात पुरी, शाळेच्या डब्यात पोळी, आणि दुकानातला प्रत्येक बिस्किटाचा पुडा गव्हाचा. चक्कीवर तर गहू आणि तांदूळ एकाच दगडावर. तुम्ही चक्कीवाल्याच्या उरावर उभ्या राहायचात. "पहले हमारा एक किलो चावल चला, वो फेंक, फिर असली वाला डाल." तो म्हणायचा, "मैडम, आप तो मानती भी नहीं ये सब." तुम्ही म्हणायचात, "करना है तो ढंग से करना है." बुद्धपौर्णिमेला सगळ्या वॉर्डाला दुधाची खीर वाटायचात आणि यशूसाठी नारळाच्या दुधाची वेगळी करायचात. लोक नजर लागली म्हणायचे, किरनापूरकडच्या कुठल्या बाबाचं नाव सांगायचे. तुम्ही एकट्या होतात ज्यांनी कधी माझ्या लेकीला 'बिचारी' म्हटलं नाही. म्हणून तर तुमच्यावर विश्वास ठेवला. परक्यावर ठेवला असता तर आज इतकं लागलं नसतं.

आणि ते पिठाचं नाटकही तुमचंच. 'गव्हात असतं तरी काय' असं मी एकदा वैतागून म्हणाले, तर तुम्ही नववीच्या वर्गाला दाखवायचात तसं मला दाखवलंत. कणकेचा गोळा मळला, फडक्यात बांधला आणि नळाखाली धूत राहिलात. पांढरं पाणी वाहून गेलं आणि फडक्यात उरला रबरासारखा चिवट गोळा. "हे ग्लूटेन. हाच तुया दुश्मन. पाह्यून घे." मग तांदळाच्या पिठाचं तसंच केलंत. फडक्यात काही म्हणता काही उरलं नाही. त्या चिवट गोळ्याने यशू तुमच्या उंबऱ्यावर बसून खेळत राहिली. ताणायची, सोडायची आणि हसायची. मी तो तिच्या हातातून हिसकावून गटारात फेकला. तुम्ही फक्त म्हणालात, "खाऊन नव्हती राह्यली गं ते, खेळून राह्यली होती."

यंदा हिवाळा संपता संपता यशूचं मनगट मोडलं. अंगणात साधी घसरली होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिचा हात मोडला. नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मापाची दिसते, ते म्हणाले. पोरीला खाऊ द्या. दूध द्या, पोळी द्या. मी म्हटलं, आणि तिचे शब्द गेले तर? तेव्हा तिच्याकडे मोजके शब्द होते आणि ते मी एकेक करून कमावले होते. डॉक्टर म्हणाले, आहारामुळेच ते आले याची खात्री आहे का तुम्हाला? मी हो म्हटलं. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, तुम्ही नाही म्हणालात. तुमचा भाऊ, यशूचा बाप, बाहेर गाडीपाशी उभा होता. त्याला विचारलं असतं तर तो दोघींच्या मधलं काहीतरी म्हणाला असता.

परतताना गाडीत तुम्ही परीक्षेची गोष्ट काढलीत. राजेगावच्या पुलावर आपण होतो, मला आठवतं.

"आधी गहू. दूध मंग पाहू. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काईच नाही समजत. यशू रोज सकाळी तांदयाचे चिले खाते. ते आजपासून मी करीन, माह्या खोलीत, दार लावून. दोन डबे भरून ठेवीन. एकात नुसतं तांदयाचं पीठ, दुसऱ्यात आर्धा गहू. एक आठवडा या डब्यातलं, एक त्या डब्यातलं, पुढंमागं करीन. कोन्तं कधी ते फक्त मले माहीत. तुमी दोघं फक्त पाहा. अन् रोज सांजच्याला मले सांगा, आज कसं वाटलं."

"आणि तिला त्रास झाला तर?" मी विचारलं.

"तर तुले दिसंलच ना. दिसलं की मी मान्य करीन. चारचौघात करीन."

एवढ्यासाठी मी तयार झाले, ताई. यशूच्या हाडांसाठी झाले, हे खरं. पण तुमच्या तोंडून 'वैशाली, तुयं बरोबर होतं' हे ऐकण्यासाठीही झाले.

मग सगळा उन्हाळा तसाच गेला. तुमच्या खोलीचं दार लागायचं, आतून ओव्याचा आणि हळदीचा वास यायचा, आणि यशू ताट मांडीवर घेऊन तुमच्या उंबऱ्यावर बसून राहायची. दार उघडायचं, गरम चिला ताटात पडायचा आणि ती तिथेच बसून खायची. तुम्ही खाली फरशीवर बसायचात, गुडघे दुखत असताना. संध्याकाळी चहाच्या वेळी तुम्ही विचारायचात, "सांग वैशाली, आज काय वाटते?" आणि मी सांगायची. आज शांत होती, साफ डबा असणार. आज हात झटकत होती, नक्की गहू आहे. तुमचा भाऊ मुद्दाम उलट बोलायचा. मी गहू म्हटलं की तो म्हणायचा, "अरे नहीं, आज तो कितनी अच्छी थी." आम्ही दोघं तुमच्यासमोर वर्दळीवर यायचो. एकदा त्याने कप आपटला. एकदा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तुम्ही चहा फुंकत ऐकत राहायचात. चेहऱ्यावर काही नाही. पेपर तपासताना व्हायचा तसा चेहरा.

तो लाडीगोडी लावायचा, "ताई, बता दो ना, बस एक बार." तुम्ही म्हणायचात, "परीक्षा संपल्याबिगर निकाल नसते." झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग ते पुरळ. एका आठवड्यात यशूच्या मांडीवर लाल पुरळ उठलं. ती रात्रभर रडली, मला बोचकारलं, 'पानी' म्हणायचीसुद्धा बंद झाली. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी सकाळी तुमचं दार ठोठावलं आणि तुमचे पाय धरले. खरंच धरले, ताई. म्हटलं, बस करा. माझ्या पोरीला विष घालू नका. तुम्ही जिंकलात, मी हरले, पण हे बंद करा.

तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत. तव्यावर चिला होता. तो उलटवत म्हणालात, "बंद करू का? तू म्हणशील तर करते. पण मंग आपल्याले कधीच नाही समजणार."

मी रडत परत गेले. बंद करा असं म्हणाले नाही. त्या दिवशीही यशूला मी तुमच्या उंबऱ्यावर पाठवलं.

आणि निकालाच्या आठवड्यात तुम्ही गेलात. रविवारी चहाला सगळं सांगते म्हणाला होतात. रविवारच्या आधीच, उजाडता उजाडता, तव्यासमोर. यशू बाहेर ताट घेऊन बसली होती आणि दार उघडत नव्हतं.

त्यानंतर तिने जो आकांत मांडला तो सगळ्या वॉर्डाने ऐकला. दिवसचे दिवस. पुण्यानुमोदनाच्या जेवणात पुरी होती, खीर होती, घरभर पाहुणे. मला एकच सुचलं, कुणीतरी तिला पुरी दिली. मी एकेकाला विचारत सुटले. किरनापूरच्या मावशीच्या हातातली पुरी मी ओढून घेतली. ती म्हातारी घाबरून म्हणाली, "बाई, मी काहून देईन तिले? मले माहीत नाही का? मी तं तिच्या जवळबी नाही गेली वं." सगळे माझ्याकडे पाहत होते. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या आणि मी पुरीवरून भांडत होते.

पाहुणे गेल्यावर मी तुमच्या खोलीत शिरले. फळीवर दोन्ही डबे होते, एक निळ्या झाकणाचा, एक पांढऱ्या. दोन्ही सारखेच उतरलेले. मला निकाल हवा होता. तुम्ही दिला नाहीत तर मी घेणार होते. निळ्यातलं मूठभर पीठ भिजवलं, फडक्यात बांधलं, नळाखाली धुतलं. पांढरं पाणी गेलं. फडक्यात काही नाही. म्हणजे निळा साफ. मग पांढऱ्यातलं भिजवलं. धुतलं.

फडक्यात काही नाही.

माझं चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. मग मला तुमचा आवाज ऐकू आला, की तुले करता येते का हे तरी आधी पाहा. तुमच्या पोळीच्या डब्यातली कणीक काढली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला गव्हाचं पीठ लागलं. मळलं, धुतलं. फडक्यात चिवट गोळा राहिला. माझी रीत बरोबर होती. तुमचीच शिष्या.

तुम्ही गहू घातलाच नव्हता. कधीच नाही. उन्हाळाभर यशूने रोज एकच चिला खाल्ला.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. चटणीतलं मीठ बदललेलं ज्या पोरीला कळतं, दुकान बदललं तर जी मुरमुरे थुंकते, तिने एकदाही चिला नाकारला नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी यशूच्या तोंडाकडे कुठे पाहत होते? मी तर लक्षणं पाहत होते.

काहून, ताई? तुमच्याच भाषेत विचारते, काहून?

तुमची हिंमत झाली नाही, असं समजू का? माझ्याशी मोठ्या तोंडाने वाद घातलात, पण तिच्या ताटात गहू टाकायची वेळ आली तेव्हा तुमचाही हात अडला? तसं असेल तर मी तुम्हाला माफ करीन. तेवढी माया मला समजते. की हा पहिला टप्पा होता? आधी काहीच न बदलता आमचे डोळे आम्हाला किती फसवतात ते पाहायचं, आणि मग खरा गहू? तुमचा भाऊ तसंच म्हणतो. तो म्हणतो, ताईने रीतसर काम केलं. असेल. पण मग परीक्षा यशूची नव्हती. माझी होती. आणि ज्या सकाळी मी तुमचे पाय धरले, त्या सकाळी तुम्हाला माहीत होतं की तव्यावर नुसता तांदूळ आहे. पुरळ घामोळ्याचं असेल, डासाचं असेल, देव जाणे कशाचं असेल, पण गव्हाचं नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आणि तुम्ही मला रडत जाऊ दिलंत. मी स्वतःच्या हाताने लेकीला विष खायला पाठवते आहे, असं समजून मी तो दिवस काढला. एक वाक्य, ताई. एका वाक्याने तुमची परीक्षा बुडाली असती आणि माझा जीव भांड्यात पडला असता. तुम्ही परीक्षा वाचवलीत.

कधी खोटं बोलल्या नाहीत म्हणे.

आणि वर काय ठेवून गेलात माझ्यासाठी? गहू तिला बाधतो की नाही, ते अजूनही माहीत नाही. फक्त एवढंच कळलं की मला दिसतं ते धरून चालता येत नाही. पाच वर्षं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. डॉक्टर नव्हता, शाळा धड नव्हती. आईचे डोळे होते. तेवढेही तुम्ही काढून नेलेत, आणि आरसा दाखवायला थांबला नाहीत. आता नवी परीक्षा घ्यायची तर दार लावून चिले करणार कोण? तुमच्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी केले तर मला माहीत असणार, आणि मला माहीत असलं की मला काय दिसतं ते आता तुम्ही मला शिकवलेलंच आहे.

आज सकाळी मी तुमचेच दोन्ही डबे घेऊन बसले. त्याच पिठाचे, तोच ओवा, तीच हळद घालून चिले केले. यशूने पहिला चिला भिंतीवर फेकला. दुसरा फेकला. मग रिकामं ताट उचललं, अंगण ओलांडलं आणि तुमच्या बंद दारासमोर उंबऱ्यावर जाऊन बसली. ताट मांडीवर. मी तिला उचलायला गेले तर किंचाळली. माझी नजर सवयीने तिच्या मांडीकडे गेली, पुरळ आहे का पाहायला. तिच्या ओठाकडे गेली, पुरीचा कण आहे का पाहायला. आणि मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

पाच वर्षांत तिच्या प्रत्येक रडण्याचं कारण मी ताटात शोधलं, ताई. तिला कुणाची आठवण येत असेल, असं माझ्या मनातही कधी आलं नाही.

मी तिच्याजवळ बसले, तुमच्यासारखी खाली फरशीवर. तुमच्या पोळीच्या डब्यातली कणीक आणली, मळली, धुतली, आणि तो चिवट गोळा तिच्या हातात दिला. तिने तो ताणला, सोडला. हसली नाही, रडणंही थांबलं नाही. पण हातातून टाकलाही नाही. दुपारभर आम्ही दोघी तिथेच होतो.

माफ केलेलं नाही तुम्हाला. करीन की नाही, तेही माहीत नाही. पण आता चहाची वेळ झाली आहे, आणि या वेळी तुम्ही विचारायचात, आज काय वाटते. कुणी विचारलं नाही तरी सांगते, सवय लागली आहे.

आज चिल्यात गहू नव्हता. यशू दिवसभर रडली. कारण मला माहीत आहे.